‘न्हाई तर काय’ म्हणजे व्हय!

आमच्या दवाखान्यात मला येताना बघून दोनच माणसं वाट बदलायची. एक, ज्याच्यावर मी मागच्या महिन्यात शेरा मारलेला असायचा तो. आणि दुसरा, ज्याच्यावर ह्या महिन्यात मारणार होते तो. बाकी कुणी उरायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

गुलबर्ग्याच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात मी इंटर्नल ऑडिटर होते. पाटीवर कलबुर्गी झालं, आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे. ऑडिटर म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर बेरजा करते. बेरजा करायला अकाउंटंट असतो. बाहेरचा ऑडिटर वर्षातून एकदा येतो, काजू खातो, सही करतो आणि जातो. आतला ऑडिटर रोज येतो आणि त्याला चहासुद्धा कुणी स्वखुशीनं देत नाही. त्याचं काम एकच. एखादं काम ‘असं होतं’ असं कागद सांगतो, ते खरंच तसं होतं का, हे जाऊन बघायचं. पगार घरचा आणि खोड्याही घरच्याच काढायच्या. सगळा दवाखाना मला ‘ऑडिट अक्का’ म्हणायचा. माघारी काय म्हणायचे ते इथं छापता येणार नाही.

एक नमुना सांगते. औषधांच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता लटकवलेला असतो. दिवसातून दोनदा बघून आकडा लिहायचा. आमच्या स्टोअरकीपरच्या तक्त्यावर रोज चार. सकाळी चार, संध्याकाळी चार. दिवसभर लाईट नव्हती त्या दिवशीही चार. मध्ये दोन दिवस फ्रिज दुरुस्तीला गेला होता, जागेवर नुसता चौकोनी डाग होता, तेव्हाही चार. मी विचारलं, “अण्णा, फ्रिज दुकानात, मग हे चार कुणाचं?”

तो शांतपणे म्हणाला, “अक्का, फ्रिज कुठं बी असू दे, त्याचं टेंपरेचर चारच असतंय.”

ह्या ‘रोज चार’नं मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजनं शिकवलं नाही. आणि कॉलेजची मला कमी किंमत नाही बरं का. बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावच्या आमच्या बौद्धवाड्यातली मी पहिली बी. कॉम. माझा बाप डाळीच्या मिलमध्ये कामाला होता. एकदा पट्ट्यात हात अडकला. चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, बापानं सांगितलं, साहेबानं लिहिलं, बापानं अंगठा दिला. मी कॉलेजात गेल्यावर तो कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘कामगाराने निष्काळजीपणा मान्य केला.’ बापाला विचारलं तर म्हणाला, “मी तर पट्टा ढिला हाय मनून सांगितलो होतो.” त्या दिवशी मी ठरवलं की सांगितलेलं आणि लिहिलेलं ह्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. ती खुर्ची मला मिळालीही. आता तिच्यावर बसून मी काय केलं, ते ऐका.

आमच्याकडं नसीम नावाची सिस्टर होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणूस दुसऱ्या दिवशी गावी जातो. पण पहिला आठवडा जपायचा असतो. डोळा दुखला, लाल झाला, दिसायचं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे, नाहीतर आत गेलेला जंतू डोळा खाऊन टाकतो. म्हणून नसीम तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करायची आणि जाडजूड रजिस्टरात लिहायची. मराठी माणसाशी मराठी, कन्नड माणसाशी कन्नड, आणि दोन्ही भाषा दमल्या की दखनी उर्दू. तिच्या नोंदी अशा:

‘मावशी म्हणतात डोळ्यात खडा फिरतोय.’

‘बरं आहे म्हणतात, पण सून जवळ आहे म्हणून. परत फोन करणे.’

‘अण्णा बोलते कम, कण्हते ज्यादा. बुला ली.’

मी रजिस्टर तपासलं आणि माझ्या बी. कॉम. डोक्यानं शेरा मारला: ‘नोंदी एकसारख्या नाहीत. वर्गवारी करता येत नाही. रुग्णाच्या बोलण्याऐवजी हो/नाही असे रकाने आखावेत.’

नसीम रजिस्टर घेऊन माझ्या टेबलापाशी आली. “अक्का, लोगां हौ-नै में नै बोलते. कहानी बोलते.”

“कहाणी तू ऐक. रजिस्टरात हो-नाही लिही.”

“हौ अक्का,” म्हणाली आणि गेली. रकाने आखले. कमिटीत माझं कौतुक झालं. आमचे सेक्रेटरी अप्पा हे तुरीचे मोठे व्यापारी, दाणा दाताखाली धरून माल ओळखणारे. तेही म्हणाले, “अक्कानं काम कसं चाळून ठेवलंय बघा.” मी चार दिवस जरा ताठच चालत होते.

दोन वर्षांनी मल्लिकार्जुन माझ्या खोलीत पेढे घेऊन आला. हा आमचा कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. हुशार, कामसू, आणि ‘टेन्शन तगोबॅडरी’, म्हणजे टेन्शन घेऊ नका, हे त्याचं दर वाक्याचं शेपूट. बेंगळूरच्या एका कंपनीचं बोलणारं यंत्र त्यानं आणलं होतं. ह्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाईचं नाव कंपनीनं ठेवलं होतं स्नेहा. आम्ही सगळे मशीनबाई म्हणायचो. ती फोन लावणार, तीन प्रश्न विचारणार, उत्तर समजून घेणार आणि प्रत्येक रुग्णापुढं रंग भरणार. सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर हिरवा, एखादं ‘हो’ आलं तर पिवळा, जास्त आली तर लाल. डॉक्टरांनी फक्त पिवळे आणि लाल बघायचे.

“अक्का, हे सगळं तुमच्यामुळं सोपं झालं,” मल्लिकार्जुन म्हणाला. “तुमचे हो-नाहीचे रकाने मशीनला तसेच्या तसे शिकवले. नसीमसिस्टरचं जुनं रजिस्टर कुठल्या मशीनला कळणार होतं?”

मी पेढा खाल्ला. चांगला होता. नसीमला थेंब घालायच्या खोलीत बसवलं.

आता इंटर्नल ऑडिटला ह्या असल्या यंत्राचं काय करायचं असतं? कमिटीनं मला एका शिबिराला धाडलं. तिथं टायवाल्या माणसानं ‘जबाबदार वापर’ हा शब्द इतक्या वेळा म्हटला की शेवटी कुठलाच शब्द जबाबदार राहिला नाही. सगळा सांगावा आमच्या भाषेत चार ओळींचा आहे. यंत्र कुणाच्या परवानगीनं आणलं? ते काय ठरवतं आणि काय नाही? चुकलं तर कुणाला कळतं? आणि चुकलं तर कुणाच्या शर्टाची कॉलर धरायची?

मी पहिलं ऑडिट केलं. परवानगीवर सही आहे का? आहे. ऑपरेशनच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन गेला का? गेला. प्रत्येकापुढं रंग भरला का? भरला. ‘जबाबदार अधिकारी’ हा रकाना रिकामा होता. तिथं मल्लिकार्जुननं ‘सिस्टिम’ असं लिहिलं. मी हसले आणि तेही चालवून घेतलं. शेरा मारला: ‘समाधानकारक.’ एकही फोन मी कानानं ऐकला नाही. न चाखता मीठ बरोबर आहे म्हणणारी मी पहिलीच स्वयंपाकीण नसेन, पण पगार घेऊन म्हणणारी असेन.

मध्ये एक गंमत झाली. अफझलपूरकडच्या एका कन्नड माणसाला मशीनबाईनं विचारलं, तपासणीला गाडी पाठवू का? तो म्हणाला, “ब्याडरी, ब्याड.” ब्याड म्हणजे नको. मशीनबाईनं त्याच्या नावानं वॉर्डात बेड राखून ठेवला. दोन दिवस कोरी चादर घालून तो पलंग त्याची वाट बघत होता. सगळा दवाखाना हसला. मीही पोट धरून हसले. खरं तर ऑडिटरनं हसू आलं की आधी वही उघडायची असते.

वही उघडली ती पुढच्या खेपेला, आणि तीही फ्रिजमुळं. सहामाही तपासणीत मल्लिकार्जुननं रंगांचा तक्ता काढून दिला, गावांप्रमाणं. आळंद, जेवर्गी, अफझलपूर इकडं हिरवे होते, मध्ये मध्ये पिवळे, कुठं कुठं लाल. माणसाच्या डोळ्याचं असतं तसं. आणि आमची बसवकल्याणकडची मराठी गावं? मंठाळ हिरवं. राजेश्वर हिरवं. सगळं हिरवंगार, जणू आमच्याकडं श्रावण संपतच नाही.

मला एकदम आठवलं: रोज चार.

मी त्याच भागातली. आमच्या माणसांना मी ओळखते. आमच्याकडं न दुखता सुद्धा ‘लई दुखायलंय’ म्हणतात. तिथं ऑपरेशननंतर एकाचंही काही दुखू नये? मी मल्लिकार्जुनला म्हटलं, “मला हे फोन ऐकायचेत.”

“ऐकायचं कशाला अक्का? मशीनबाई ऐकतीय की.”

“ती ऐकती का, तेच ऐकायचंय.”

“टेन्शन तगो...”

“मल्लू, हेडफोन दे.”

त्यानं दिला. मी यादीत सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात ताजा फोन घेतला. आदल्या दुपारचा. गुणाबाई, मंठाळ, वय सत्तरच्या आसपास, उजवा डोळा, रंग हिरवा. ऐकलं ते तसंच्या तसं लिहिते.

“नमस्कार. मी स्नेहा बोलत आहे. आपल्या डोळ्यात दुखत आहे का?”

“कोण? स्नेहा? कुणाची गं तू?”

“क्षमा करा, मला समजले नाही. आपल्या डोळ्यात दुखत आहे का?”

“न्हाई तर काय!”

“धन्यवाद. डोळा लाल झाला आहे का?”

“न्हाई तर काय! टमाट्यावानी झालाय बग.”

“धन्यवाद. दिसायला कमी झाले आहे का?”

“न्हाई तर काय बाई! तू म्होरं येऊन हुबारलीस तरी दिसायची न्हाईस.”

“छान! आपली प्रकृती उत्तम आहे. थेंब वेळेवर घाला. आपला दिवस आनंदात जावो.”

मग फोन ठेवायच्या आधी लांबून गुणाबाईचा आवाज, घरात कुणाला तरी सांगताना: “दवाखान्याची बाई मनायली, उत्तम हाय. असंच दुखत असंल मग.”

मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, तरी पुण्याकडच्यांसाठी सांगते. आमच्याकडं ‘न्हाई तर काय’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. ‘हो’सुद्धा नव्हे. ‘हो, आणि हे काय विचारणं झालं?’ असा त्याचा अर्थ. ‘व्हय’पेक्षा दुप्पट व्हय. मशीनबाईनं त्यातलं ‘न्हाई’ तेवढं उचललं आणि तीनदा ‘नाही’ लिहिलं. तिला रकाने दोनच होते. आणि ते मी आखले होते.

मी हेडफोन काढला. मल्लिकार्जुन माझ्या तोंडाकडं बघत होता. “एन आयतु अक्का?” काय झालं म्हणून विचारत होता. मी टेबलावरचा फोन उचलून गुणाबाईचा नंबर फिरवला.

“मावशी, डोळा दुखायलाय का?”

“आता किती बाया इचारणार गं? काल एकीनं इचारलं की.”

“मी दुसरी हाय. राजेश्वरची. दुखायलाय का, नीट सांगा.”

“न्हाई तर काय! रातभर डोळ्याला डोळा न्हाई. घाण बी यायलीय.”

“मग आलाव कामून न्हाई?”

म्हातारी म्हणाली, “तुमीच मनलाव की, उत्तम हाय मनून. मला काय दवाखान्यापेक्षा जास्ती कळतंय व्हय?”

चौतीस वर्षांत मला पुष्कळ जणांनी शिव्या दिल्या. त्यातल्या एकीचाही एवढा चटका बसला नाही.

दवाखान्याची जीप मी स्वतः काढायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, गाडीच्या मागणीचा फॉर्म? हा फॉर्म दहा वर्षांपूर्वी मीच सुरू केला होता. त्याला म्हटलं, फॉर्म मी भरते, तू निघ, आणि वाटेत चहाला थांबलास तर तुझं लॉगबुक मी पहिल्या पानापासून तपासायला घेईन. मंठाळला जाऊन यायला तीन-चार तास. ते तास मी नसीमच्या खोलीत बसून काढले. ती थेंब घालत होती. एका रुग्णाचा डोळा झाला की दुसरा, मध्ये मध्ये माझ्याकडं नजर. मी सगळं सांगितलं. ‘मैं बोली थी’ असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. ती एवढंच म्हणाली, “अक्का, अब बैठके क्या फायदा? बाकी के फोन सुनते चलो.”

गुणाबाई दुपारी आली. डोळ्यावर पदर, काखेत पिशवी, आणि जीपमधून उतरताना ड्रायव्हरला दम: “हळू चालवाय काय झालतं रं तुला? डोळा गेला तर गेला, कंबर कामून न्यायलास?” मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिथंच आत घेतलं. डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यावं लागलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, “आज आल्या म्हणून काहीतरी हातात आहे. उद्या आल्या असत्या तर मी नुसतं ‘डोळा गेला’ असं पत्र लिहून दिलं असतं.” डोळा राहील का, किती दिसेल, हे आठवडाभर कळणार नव्हतं.

मी तिच्या पलंगापाशी गेले. दुसऱ्या डोळ्यानं तिनं मला वर-खाली बघितलं. त्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलेलाच होता.

“तूच व्हय राजेश्वरची?”

“व्हय मावशी.”

“मी वाकळा शिवते. आमच्या गावात माझ्यासारखा टाका कुणाचा न्हाई. नात पोटुशी हाय, तिच्या लेकराची वाकळ अर्धी पडलीय. सुईत दोरा घालता येईना मनून तर ह्यो डोळा कापून घेतला. दिसंल का गं?”

मला व्हयही म्हणता येईना, न्हाईही म्हणता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या दोन रकान्यांत बसणारं उत्तर सापडलं नाही.

पुढचे चार दिवस नसीम आणि मी एकेक हेडफोन लावून बसलो. मराठी गावांचे जुने सगळे फोन ऐकले. कुणी ‘न्हाई तर काय’, कुणी ‘दुखंना कामून?’, म्हणजे दुखणार नाही तर काय होणार. कुणी नुसतंच “आता काय सांगू बाई” असं म्हणून सुस्कारा सोडलेला; मशीनबाईनं सुस्काऱ्याला हिरवा रंग दिला होता. बरेच जण दुखणं वाढल्यावर आपणहून बस धरून आले होते आणि बरे झाले होते. पण माझ्याच गावच्या एका आजोबांचा फोन मिळाला. त्यांनीही तीनदा सांगितलं होतं. ते आठवड्यानं आले तेव्हा डोळा गेलेला होता. त्यांच्या फाईलवर लिहिलं होतं, ‘रुग्ण उशिरा आला.’

ती फाईल मी पहिल्या ऑडिटमध्ये तपासली होती. कागद पूर्ण होते. माझी बारीक सही होती. मला बापाचा कागद आठवला. ‘कामगाराने निष्काळजीपणा मान्य केला.’

रिपोर्ट लिहिला. कमिटीपुढं जायच्या आधी अप्पांनी मला आणि मल्लिकार्जुनला बोलावलं. चष्मा कपाळावर, रिपोर्ट हातात, बोटानं ओळी चाचपत, तुरीत खडे शोधावेत तसं.

“अक्का, नोडरी,” अप्पा म्हणाले, म्हणजे हे बघा, “मशीन चुकलं असं लिहून टाका. मशीनला काय, नोकरी जायची भीती हाय का जातीची माणसं जमवून मोर्चा काढील? त्या म्हाताऱ्याचं कामून काढायलाव? झालं ते झालं.”

“अप्पा, मशीन चुकत न्हाई. मशीनला ‘न्हाई तर काय’ कुणी शिकवलंच न्हाई. तिची परीक्षा कुणाच्या आवाजावर घेतली, मल्लूला इचारा.”

मल्लिकार्जुनचं तोंड उतरलं होतं. चार दिवसांत त्यानं टेन्शनचं शेपूट एकदाही लावलं नव्हतं. “आमच्याच स्टाफच्या,” तो म्हणाला. “मी सांगितलं होतं, स्पष्ट हो किंवा नाही म्हणा. सगळ्यांनी स्पष्ट म्हटलं. मशीन पास झालं. अप्पा, चूक माझी लिहा.”

“तुझी दुसऱ्या नंबरला हाय,” मी म्हटलं. “पैला नंबर वाचा अप्पा.”

अप्पांनी वाचलं. निरीक्षण क्रमांक एक: ‘रुग्णाचे बोलणे दोन रकान्यांत बसवण्याची सूचना अंतर्गत लेखापरीक्षकांनी केली होती. तीच चूक यंत्राने पुढे नेली. यंत्राच्या पहिल्या तपासणीत लेखापरीक्षकांनी एकही फोन न ऐकता समाधानकारक असा शेरा दिला.’

अप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ऑडिटरनं सोताच्या नावानं शेरा मारलेला मी आज पैल्यांदा बघायलो.”

“मीबी.”

“आणि म्हातारा?”

“म्हातारा राहणार. त्यानं उशीर केला न्हाई. आपण केला.”

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “डाळीत खडा निघाला तर गिऱ्हाईक पोतं परत आणतंय. डोळा कसा परत आणायचा?” आणि सही केली. माणूस व्यापारी खरा, पण माल ओळखायचा.

मशीनबाईला आम्ही हाकलून दिलं नाही. ती अजून फोन लावते, कारण दिवसाला इतके फोन एकट्या नसीमच्या गळ्यानं झाले नसते. पण आता ती आधीच सांगते की मी यंत्र आहे, तुमचं बोलणं माणूस ऐकणार आहे. ‘उत्तम आहे’ म्हणायचं तिचं तोंड बंद केलंय. रंग नसीम भरते, ऐकून. रजिस्टरात तिसरा रकाना आला, ‘रुग्णाचे शब्द’. ‘जबाबदार अधिकारी’ ह्या रकान्यात ‘सिस्टिम’ खोडून दोन डोळे, दोन कान असलेल्या माणसाचं नाव आलं: मल्लिकार्जुन. त्यानं स्वतः लिहिलं. आणि दर महिन्याला काही फोन ऑडिटरनं कानानं ऐकायचे, असा नियम झाला. हा नियम मी माझ्यावरच लावला, त्यामुळं मलाच शिव्या घालत तो पाळला.

राजेश्वरला मोठ्या डॉक्टरांना घेऊन मी गेले. आजोबांना सगळं सांगितलं. फाईलवरचं ‘उशिरा आला’ खोडून खाली काय लिहिलं, ते वाचून दाखवलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी तर सांगितलो होतो की, बाई.” चहा दिला. तो चहा घशाखाली उतरवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम.

गुणाबाईचा डोळा राहिला. आधीसारखा नाही. माणूस ओळखतो, रस्ता दिसतो, सुईचं नाक दिसत नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात टेबल आवरताना मी दवाखान्याच्या फोनवरून तिला फोन लावला.

“मावशी, वळखलाव का?”

“न्हाई तर काय! ऑडिटवाली. अजून हैस व्हय त्या दवाखान्यात?”

“चार दिवस. वाकळ झाली का?”

“झाली. दोरा नात घालती, टाका मी घालते. लेकरू आता वाकळंवर हागाय बी लागलंय.” मग म्हणाली, “तुला एक इचारू? ती मशीनची बाई चुकली मनून त्यावेळी सांगितलाव. तिला व्हय-न्हाईच इचार मनून कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

“म्हंजे तू चुकलीस का गं?”

“न्हाई तर काय!”

म्हातारी एवढी हसली की फोन तिच्या हातातून पडल्याचा आवाज आला.

आता दवाखान्यातून गेलेल्या प्रत्येक फोनचा सारांश मशीनबाई लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी माझ्या ह्या फोनचा कागद माझ्याच टेबलावर आला. ‘सारांश: रुग्ण समाधानी. चूक झाल्याचे दवाखान्याच्या प्रतिनिधीने स्पष्टपणे नाकारले.’

मी लाल पेन काढला, शेवटचं वाक्य खोडलं, आणि शेजारच्या रकान्यात माझे शब्द जसेच्या तसे लिहिले.